ल्युब्लियानाला येणाऱ्यांसाठी

ल्युब्लियानात नळाचं पाणी पिता येतं. शहराच्या मध्यभागी रस्त्याकडेला प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, तिथं बाटली भरून घ्यावी. शहर बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, आधी कार्ड काढावं लागतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून खाण्याचं शनिवारीच आणून ठेवावं. मधल्या भागात मोटारी येत नाहीत, तेव्हा चाकाची बॅग असली तरी ती थोडी ओढत न्यावी लागेल.

हे सगळं मी लिहिलं आहे. मी राहते पालीत, बीडपासून जवळ, बिंदुसरा नदीच्या धरणाच्या अलीकडे. ल्युब्लियाना मी पाहिलेलं नाही.

ती स्लोव्हेनियाची राजधानी. तिथं जूनमध्ये गवताळ रानं आणि फिरते पशुपालक या विषयावर परिषद होणार होती आणि माझं पोस्टर तिथं स्वीकारलं गेलं होतं. मी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. आमचा मेंढरांचा कळप जिथं जिथं मुक्काम करतो, अशा अकरा ठिकाणच्या लेंड्या मी पिशव्यांत भरून आणल्या, ट्रेमधल्या निर्जंतुक मातीत पसरल्या आणि काय उगवतं ते मोजलं. एकोणतीस जातींची रोपं आली. त्यातल्या सहा जाती त्या त्या मुक्कामाच्या शिवारात नव्हत्याच. मेंढ्यांनी त्या मागच्या गावांहून आणल्या होत्या. एवढंच माझं काम, पण परिषदेनं जाण्यायेण्याचा खर्च द्यायचं कबूल केलं. बदल्यात काहीतरी काम करायचं होतं. मी प्रवाशांसाठी सूचनांचं पान लिहायचं काम मागून घेतलं.

परिषदेची व्यवस्था बघणाऱ्या पेट्राबाईंनी विचारलं, "तुम्ही आमच्या शहरात राहून गेला आहात का?" मी लिहिलं, "नाही. म्हणून तर नवख्या माणसाला काय विचारावंसं वाटेल ते मला कळेल."

मग मी ते शहर चालायला लागले. नकाशावर, रस्त्यांच्या फोटोंवर, लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंवर. बसस्थानकापासून सभागृहापर्यंतची वाट मी इतक्या वेळा चालले, की कुठल्या कोपऱ्यावर फूटपाथ अरुंद होतो आणि कुठं सायकलवाले मागून येतात ते मला ठाऊक झालं. फोटो सगळे उन्हाळ्यातले होते. पाऊस पडल्यावर तिथल्या फरश्या कशा दिसत असतील, यावर मी बराच वेळ विचार केला आहे.

पान कसं लिहायचं ते मात्र मला बाबांकडून माहीत होतं. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन गेवराईच्या पुढं गोदाकाठाला जातं. खतासाठी शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. फिरत फिरत माजलगावच्या अंगानं आम्ही मृगाला परत येतो. कळप हलायच्या आदल्या दिवशी बाबा एकटे पुढं जाऊन येतात आणि चुलीपाशी बसून सांगतात. आधी पाणी, मग रानाचा मालक, मग कुत्री. हा क्रम कधी बदलत नाही. मी पान त्याच क्रमानं लिहिलं. पेट्राबाईंनी विचारलं, कुत्र्यांचा परिच्छेद कशासाठी आहे? मी तो काढला.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनीही तेच विचारलं.

"पाणी कसंय तिथलं?"

"नळाचंच पितात."

"आन मालक?"

"पेट्रा म्हणून बाई आहेत."

"बाई हाय? मग जेवू घालील. कुत्री?"

"पट्टा लावून फिरवतात, बाबा."

"मग राखण कोण करतं, बाईच?"

मागून आई हसल्याचं ऐकू आलं.

पासपोर्टसाठी मी डिसेंबरात बीडला जाऊन कागद दाखवून आले होते. पोलीस घरी चौकशीला येतात, एवढं मला माहीत होतं. कधी येतात ते नव्हतं. जानेवारीत शेवटच्या पिशव्या भरायला मी अठरा दिवस बिऱ्हाडावर होते. मार्चमध्ये चौकशी केली तेव्हा कळलं, की अर्ज अडला आहे. शेरा होता : अर्जदार व कुटुंब दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

मी परत चौकशी मागितली आणि चार एप्रिलला एकटीनं येऊन पालीच्या घराचं कुलूप काढलं. शेजारच्या छबुबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या.

"काकू, जानेवारीत पोलीस आले होते का?"

"आलता की एक जण. तुमची नावं इचारीत व्हता."

"तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? म्हणलं, ती माणसं हितं नसत्यात. दिवाळीपसून एकाचं बी तोंड बघितलं न्हाई म्या."

"अहो, पण असं काहून सांगितलं?"

छबुबाईंनी लसूण खाली ठेवला. "आगं, पोलीस मेंढरवाल्याचं नाव इचारीत येतो तो काय पेढे द्यायला? मला वाटलं, कुणाचं तरी रान खाल्लं आसंल नाईतर चोरीबिरी झाली आसंल, आन तुमच्यावर घालायलेत. म्हणून चांगलं छातीठोक सांगितलं, की ह्या गावात ते नव्हतेच! शपथ बी घ्यायला तयार झालते."

मला रागवायचं होतं, पण त्यांनी तर आम्हाला वाचवलं होतं.

"आता आला तर?"

"आता आला तर म्या काय बोलायचं ती तूच शिकीव."

व्हिसाचे कागद वीस मेपर्यंत द्यायचे होते. त्यासाठी पासपोर्ट हातात हवा. पोलीस कधीही येऊ शकतात, असं सांगितलं होतं, म्हणून मी घर सोडलं नाही. सकाळी सहाच्या आत आंघोळ उरकायची, दार दिवसभर उघडं ठेवायचं, दुकानात जायचं तर छबुबाईंना ओट्यावर बसवून. बाकी वेळ परिषदेला येणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं देत होते. ब्राझीलच्या एकानं विचारलं, जूनमध्ये स्वेटर लागेल का? मी गेल्या दहा वर्षांतलं जूनचं तिथलं तापमान काढून त्याची सरासरी आणि सगळ्यात थंड रात्र कळवली. मंगोलियाच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, मटण कुठं मिळेल? तेही शोधलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी मी लिहायचे, "तिथं भेटूच."

मेच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. कळप वडवणीजवळ पोचला होता.

"एक दिस येऊन जा गं. बाजार बी हाय. काळीला दोन कोकरं झालीत, तुझ्या पायात पायात करत्याल बघ."

पालीहून वडवणी म्हणजे एसटीनं दीड तासाची वाट. मी म्हणाले, पोलीस नेमके त्याच दिवशी आले तर?

"बरं," आई म्हणाली. मग फोन कळपाकडं धरला. मी आवाजात कोकरं ओळखायचा प्रयत्न केला. त्या दिवशी दाराशी कोणी आलं नाही.

बारा मेला हवालदार आले. मोटारसायकल लिंबाखाली लावली, पाणी प्यायले. मी काही बोलायच्या आत छबुबाई पुढं.

"ही पोरगी जलमल्यापसून हितंच हाय. दारातून हलली न्हाई बघा कधी!"

"आजी, मागल्या खेपेला तुमी उलटं सांगितलं व्हतं म्हणे."

"मागल्या खेपेला मला ऐकू येत नव्हतं."

हवालदार हसले आणि माझ्याकडं कागद सरकवला. "योगिताताई, वर्षभर हितंच राहता ना? हो म्हणा, सही करा, मी निघतो."

मला 'हो' म्हणायचं होतं. छबुबाई मानेनं खुणावत होत्या. पण माझ्या पोस्टरची पहिलीच ओळ अशी होती : या कुटुंबाचा कळप वर्षातले सात महिने गावाबाहेर असतो. खाली माझं नाव. पुढचं सगळं, अकरा मुक्काम, एकोणतीस जाती, त्या एका ओळीवर उभं होतं. धाडस वगैरे नव्हतं त्यात. वहीत एक आकडा आणि तोंडी दुसरा, हे मला जमतच नाही.

"घर हेच आहे," मी म्हणाले. "पणजोबांपासूनचं. पण दिवाळी ते मृग घरचे मेंढरांमागं असतात. मीही यंदा जानेवारीत अठरा दिवस आणि मार्चअखेर नऊ दिवस तिकडं होते."

हवालदारांनी पेन उचलून धरलं. "आता हे कुठं लिहू मी? ताई, माझं गाव धारूरकडं. निम्मं गाव ऊसतोडीला जातंय. ह्या जिल्ह्यात अर्धी माणसं पत्त्यावर नसत्यात. विचारलं की हो म्हणतात, सुटतात."

"खरं लिहिलं तर काय होईल?"

"होईल पासपोर्ट, न व्हायला काय झालं? पण साहेबांच्या शेऱ्याला वर जाईल. किती दिवस, ते नाही सांगता येत."

"वीस तारखेच्या आत?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अजून काही लिहिलेलं न्हाई मी."

मी म्हणाले, "लिहा."

ते गेल्यावर छबुबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. "येडी," एवढंच म्हणाल्या, तेही सुनेला, मला ऐकू जाईल असं.

वीस मे गेली. एकवीसला मी पेट्राबाईंना कळवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं : फार वाईट वाटलं, पोस्टर पाठवा, मी छापून लावीन. खाली बिचकत विचारलं होतं, परिषदेच्या दिवसांत प्रवाशांचे फोन घ्याल का? तुमच्याइतकी वाट इथं कोणालाच सांगता येत नाही. मी पोस्टर पाठवलं आणि माझा नंबर पानावर टाकला.

पाच जूनला कळप परत आला. घोड्यावरचं सामान उतरवून झाल्यावर बाबा माझ्याजवळ बसले. त्यांना सगळं आईकडून कळलं होतं.

"मी बी कैक डाव पुढं जाऊन बघून आलतो," ते म्हणाले. "पाणी हाय, मालक बरा हाय, सगळं ठरवून आलो, आन बिऱ्हाड तिकडं गेलंच न्हाई. दुसरीकडंच वळलं."

"मग?"

"मग काय. ते पाणी दिसत ऱ्हातं."

"किती दिवस?"

बाबांनी तंबाखू मळून घेतली. "दोन-तीन ठिकाणचं अजून दिसतं," ते म्हणाले आणि मेंढरांकडं गेले.

पासपोर्ट सोळा जूनला आला. पोस्टमननं सही घेतली. सगळी पानं कोरी होती आणि त्यांना नव्या वहीचा वास होता. आईनं तो देवापाशी ठेवला.

बावीस जूनला परिषद सुरू झाली. आपल्याकडं बारा वाजतात तेव्हा तिथं सकाळचे साडेआठ. आम्ही मेंढ्यांची लोकर कातरत होतो. मी पाय धरून ठेवत होते, आई कातरी चालवत होती. पावणेबाराला फोन वाजला. चिलीहून आलेली एक बाई बसस्थानकावर उभी होती. आवाजावरून बरीच दमलेली वाटली.

मी मेंढी सोडली आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिले. "रेल्वे स्थानक तुमच्या मागं आहे ना? मग समोरचा मोठा रस्ता ओलांडा. सिग्नलला थांबा. आता सरळ."

"इथं काम चालू आहे, रस्ता खोदलाय."

ते माझ्या फोटोंत नव्हतं. "मग डाव्या बाजूनं चाला. बेकरी दिसली?"

"दिसली. फार छान वास येतोय."

"हो?" मी विचारलं. "कशाचा?"

"लोणी... आणि दालचिनी बहुतेक. पुढं?"

मी पुढचं सांगितलं. उजवीकडं वळा, मागून सायकली येतील तेव्हा कडेनं चाला, झाडांची रांग संपली की पायऱ्या. ती मध्येच हसली. "तुम्ही मला खिडकीतून बघताय का?"

"नाही," मी म्हणाले. "पायऱ्या चढल्या की काचेचं दार आहे."

"आहे! पोचले. किती उपकार झाले. आत भेटूच आपण."

ती फोन बंद करायला विसरली. बहुधा तो तसाच खिशात गेला. दार उघडल्याचा आवाज आला आणि एकदम खूप माणसं ऐकू आली. कपबश्या, कोणाचं तरी मोठ्यानं हसणं, लाकडी फरशीवर चाकाची बॅग. ती फरशी दगडी असेल असं मला वाटलं होतं. कोणीतरी तिचं नाव विचारत होतं. मग एक माणूस इंग्रजीत म्हणाला, पोस्टरं डावीकडच्या खोलीत लावलीत, आधी कॉफी घ्या.

"योगे!" आईनं हाक मारली. "मेंढी पळायलीय, धर की!"

मी हातानंच थांब म्हणाले. ती बाई डावीकडं वळते का, ते मला ऐकायचं होतं.