आयुषचा चालू सौदा

सदानंद मेस्त्रींनी आयुष्यात दोनच गोष्टी न तपासता घेतल्या, एक बायको आणि दुसरा वसईतला फ्लॅट, आणि दोन्हीकडे आपण फसलो, असं ते चारचौघांत चेष्टेने सांगायचे. बाकी त्यांच्या हाताखालून न तपासलेलं काही जात नसे. सातिवलीच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं औषधाच्या बाटल्यांची झाकणं तपासली. हजारातलं एक झाकण उचलायचं, फिरवायचं, उजेडात धरायचं, त्यावरची बारीक छपाई वाचायची, आणि मगच सही. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. गॅसचा सिलिंडर आला की ताणकाटा बाहेर निघायचा. विनया म्हणायची, दारात यमराज आला तरी हा माणूस आधी त्याचं ओळखपत्र मागेल.

यमराज आला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलासाठी, आयुषसाठी, आणि घराच्या दारातही आला नाही. जानेवारीतल्या एका सकाळी कामणच्या गोदामात कामावर जाताना चिंचोटीच्या वळणावर एका कंटेनरने आयुषच्या स्कूटरला उडवलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, गोदामाच्या ऑफिसात डिस्पॅच बघायचा. दुपारी पोलिसांचा फोन आला.

त्या सकाळी काय झालं होतं, ते मेस्त्रींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आयुष नाश्ता करताना फोनमध्ये डोकं खुपसून बसला होता. मेस्त्रींनी मागून जाताना सवयीने डोकावून पाहिलं. रेघा वरखाली होत होत्या आणि खाली लाल अक्षरांत उणे दोनशे छप्पन्न डॉलर असा आकडा होता. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. बावीस हजार रुपये.

"हे फॉरेक्सचं भूत कधी शिरलं तुझ्यात? किती घालवलेस?"

"एक रुपयापण गेलेला नाही, पप्पा. संध्याकाळी दाखवतो ना नीट. आता उशीर होतोय."

"डोळ्यांनी दिसतंय मला! खोटं बोलतोस वर? आपल्या खात्यातून घेतलेस ना पैसे? असा खोटं बोलणारा मुलगा नको मला. तोंड दाखवू नकोस."

आयुष हसला होता. त्याला वाटलं असेल, नेहमीचा पारा आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. संध्याकाळी सरकारी दवाखान्यात ओळख पटवण्यासाठी कुणीतरी चादर बाजूला केली, आणि मेस्त्रींना ते तोंड बघावं लागलं.

दहाव्याला निर्मळच्या तळ्याकाठी पिंडाला कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. मामा हात जोडून म्हणाला, "तुझ्या आईला सांभाळू." चुलते म्हणाले, "स्कूटरचं कर्ज आम्ही बघतो." विनयाने त्याच्या आवडीचे घावणे आणून ठेवले. मेस्त्रींना ठाऊक होतं की त्यांनी काय म्हणायला हवं. तू खोटं बोलला नव्हतास, एवढंच. पण ते खरं आहे की नाही हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि तपासल्याशिवाय सही करायची त्यांना सवय नव्हती. तासाभराने भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

पोलिसांनी दिलेली प्लास्टिकची पिशवी कपाटात होती. त्यात घड्याळ, पाकीट आणि काचेला तडा गेलेला फोन. बाराव्यानंतर दोन दिवसांनी मेस्त्रींनी आधी बँकेची पासबुकं भरून आणली. स्वतःचं, विनयाबरोबरचं, आयुषचं, अशी तिन्ही. कुठून एक पैसाही हललेला नव्हता. तरी समाधान होईना. कर्ज काढलं असेल, मित्राकडून घेतले असतील. मग त्यांनी फोन चार्ज केला. तो उघडायचा नंबर विनयाला माहीत होता, ती त्यावरून भाजी मागवायची. तिने काही न विचारता तो सांगितला आणि आत गेली.

ॲप उघडलं आणि मेस्त्री दचकले. वर आयुषचं नाव होतं. त्याखाली एकच ओळ, युरो-डॉलर, आणि शेजारचा आकडा हलत होता. एकशे चाळीस, एकशे अडतीस, एकशे त्रेचाळीस. मुलाला अग्नी देऊन पंधरा दिवस झाले होते आणि त्याने सुरू केलेलं काहीतरी इथे अजून चालूच होतं. त्यांनी फोन पालथा ठेवला, मग पुन्हा सरळ केला. आकडा हलतच होता.

याच्यातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. त्यांनी एलिनाला फोन लावला. एलिना आयुषबरोबर गोदामाच्या ऑफिसात होती, जवळच्या नंदाखाल गावची मुलगी, भेटायला आली होती तेव्हा विनयाच्या गळ्यात पडून रडली होती. रविवारी चर्चमधला मिस्सा आटोपून ती स्कूटरवरून आली. येताना एक वहीही घेऊन आली.

"अंकल, ही त्याच्या ड्रॉवरमध्ये होती. आम्ही दोघं लंच टाइममध्ये शिकायचो. पण तोच सीरियस होता, मी आपली टाइमपास."

मेस्त्रींनी फोन तिच्यापुढे सरकवला. "मला एकच सांग. यात त्याने कुणाचे पैसे घातलेत?"

एलिनाने त्यांच्याकडे पाहिलं. "कुणाचेच नाही, अंकल. हा डेमो आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सराव. भाव खरे, पैसे खोटे. अकाउंट उघडलं की ते दहा हजार डॉलर नुसते लिहून देतात, खेळून बघा म्हणून. हे बघा ना, लिहिलंय."

कोपऱ्यात बारीक अक्षरांत डेमो असं लिहिलेलं होतं. बोटाच्या नखाएवढ्या झाकणावरची छपाई तीस वर्षं वाचणाऱ्या माणसाला त्या सकाळी तेवढा शब्द दिसला नव्हता.

"खऱ्या पैशाने असल्या परदेशी ॲपवर आपल्याकडे परवानगीच नाही," एलिना सांगत होती. "त्यानेच शोधून काढलं होतं ते. म्हणायचा, आधी नीट शिकू, मग रीतसर ब्रोकरकडे खातं उघडू, रुपया-डॉलरचं. अंकल? पाणी आणू?"

मेस्त्रींनी मान हलवून नको म्हटलं. ती गेल्यावर त्यांनी वही उघडली. प्रत्येक सौद्याला एक पान. का घेतला, कुठे चुकलो, काय शिकलो. आणि पहिल्याच पानावर, आयुषच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात, नियम होते. सहा महिने फक्त सराव, तोवर खिशातला एक रुपयाही नाही. नुकसान कुठे थांबवायचं ते आधी ठरवायचं. टार्गेट एकदा लावलं की हलवायचं नाही. शेवटी लिहिलं होतं: सहा महिने झाले की वही पप्पांना तपासायला द्यायची. त्यांनी पास केलं तरच पुढे.

मेस्त्रींनी वही छातीशी धरली आणि ते हुंदके देऊन रडले. दवाखान्यात रडले नव्हते, तळ्यावर रडले नव्हते. विनया दाराशी आली आणि परत गेली. त्यांना तिला सांगायचं होतं. पण नुसतं 'तो खरं बोलत होता' एवढं सांगता येत नव्हतं. त्याच्या मागोमाग आपण काय बोललो तेही सांगावं लागलं असतं.

मग मेस्त्री फॉरेक्स शिकू लागले. आयुष्यात शेअरच्या वाटेला न गेलेला माणूस साठीनंतर युरोचा भाव बघायला लागला. एलिना दर रविवारी यायची आणि त्यांना पहिलीपासून शिकवायची. इथे नेहमी दोन चलनांची जोडी असते, अंकल, एक घ्यायचं म्हणजे दुसरं विकायचं. आयुषने युरो घेतलाय एक पॉइंट शून्य तीन दहाला. खालची लाल रेघ म्हणजे स्टॉप लॉस, भाव तिथे पडला तर सौदा तोट्यात आपोआप बंद. वरची हिरवी रेघ टार्गेट, एक पॉइंट शून्य नऊ पन्नास. तिथे पोचला की फायद्यात बंद.

"आणि बंद झाला की?"

"की संपलं. मग काहीच केलं नाही तर थोड्या दिवसांनी ते डेमो अकाउंटच काढून टाकतात."

मेस्त्रींनी हे वाक्य लक्षात ठेवलं. सकाळी आंघोळ झाली की ते फोन घेऊन खिडकीत बसत. शनिवार-रविवार बाजार बंद असे, आकडा जागचा हलत नसे, आणि ते दोन दिवस त्यांना अन्न गोड लागत नसे. सोमवारी पहिला आकडा हलला की ते सुस्कारा सोडत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भाव लाल रेघेच्या अगदी जवळ गेला, तेव्हा त्यांनी दत्ताला नारळ बोलला. कुठेच नसलेल्या पैशांसाठी देवाला नारळ बोलणारा वसई तालुक्यात दुसरा माणूस नसेल.

मार्चमध्ये युरो चढायला लागला. एखाद्याला आनंद झाला असता. मेस्त्रींची झोप उडाली. हिरवी रेघ दिवसागणिक जवळ येत होती. एक पॉइंट शून्य आठ. शून्य आठ साठ. शून्य नऊ वीस. त्या दुपारी त्यांनी बोटाने हिरवी रेघ धरली आणि वर, पार वर, भाव वर्षभरात पोचणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवली.

रविवारी एलिनाच्या ते लगेच लक्षात आलं. "अंकल, टार्गेट तुम्ही हलवलंत? सगळे नवीन लोक हेच करतात. अजून मिळेल, अजून मिळेल, आणि मग हातातलंपण जातं. याला लोभ म्हणतात."

"हो," मेस्त्री म्हणाले. "लोभच आहे."

जाताना तिने वही उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, पहिलं पान उघडून.

टार्गेट एकदा लावलं की हलवायचं नाही. मेस्त्रींनी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. मुलाने जिवंतपणी स्वतःचा एकही नियम मोडला नव्हता, आणि आपण त्याच्या माघारी तो मोडत होतो. त्याचं काम आपण परत एकदा न बघता नापास करत होतो. सोमवारी सकाळी बाजार उघडल्यावर त्यांनी हिरवी रेघ खाली ओढली आणि होती तिथे आणून ठेवली. एक पॉइंट शून्य नऊ पन्नास. तीनदा तपासली.

मंगळवारी दुपारी विनया जमिनीवर बसून वालाची बिरडी सोलत होती. मेस्त्री समोर येऊन बसले आणि त्यांनी फोन दोघांच्या मध्ये ठेवला. शून्य नऊ पंचेचाळीस. शून्य नऊ सत्तेचाळीस. विनयाचे हात थांबले. शून्य नऊ एकोणपन्नास. मग फोन एकदाच थरथरला आणि ती ओळ नाहीशी झाली. तीन हजारांवर डॉलर नफा, असं लिहून आलं. त्याखाली: चालू सौदे नाहीत.

"संपलं," मेस्त्री म्हणाले. "जिंकला गं तो." आणि मग एकदाचं त्यांच्या तोंडून निघालं. "विनया, त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, एक रुपयापण गेलेला नाही. मी त्याला खोटारडा म्हटलं. मी त्याला म्हटलं..."

"तोंड दाखवू नकोस," विनया म्हणाली.

मेस्त्रींनी फोनवरून नजर वर केली.

"मी ओट्याशीच होते हो. डबा भरत होते त्याचा."

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही केव्हा सांगताय, त्याची वाट बघत होते." तिने पदराने डोळे पुसले. पदराला बिरड्यांचा वास होता. "मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. तळ्यावर बोलला नाहीत, आता तरी बोला."

मेस्त्री गुडघ्यावर हात देऊन उठले. हार घातलेल्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले.

"आयुष," ते मोठ्याने म्हणाले, "वही तपासली रे मी. पास आहे. तू खोटं बोलला नव्हतास."

मग ते तिथेच वाट बघत उभे राहिले, संध्याकाळी घरी येऊन तो नीट दाखवणार होता म्हणून.