लेआसूंच्या खांबावरची जोडपेटी

थोरले बसलेले असताना उभं राहायचं नाही. का, ते विचारायचं नाही. सामोआतल्या या घरात पोरांना चालता येण्याआधी हे शिकवतात.

मी विजेची जोडपेटी बोलतेय. घरातल्या तारा माझ्या पोटात एकमेकींना भेटतात. मला ठोकलंय ते घरप्रमुख लेआसू ज्या खांबाला टेकून बसतात त्याच खांबावर, त्यांच्या डोक्याच्या वर. मला बघायचं तर ते बसलेले असताना त्यांच्या डोक्याशी उभं राहायला हवं. म्हणून माझ्या पोटात काय चाललंय ते आजवर कुणी तपासलंच नाही.

मी पत्र्याची. चार भिंतींच्या कोरड्या खोलीसाठी घडवलेली. दुकानातली बाई म्हणाली होती, "समुद्राकाठचं उघडं घर तुमचं. रबरी कडेची प्लास्टिकची पेटी घ्या. आणि मोठी घ्या, तारा वाढतातच."

"माझ्या घराला छप्पर आहे," लेआसू म्हणाले आणि चकचकीत दिसले म्हणून मला उचललं.

खाऱ्या वाऱ्याने ती चकाकी कधीच खाल्ली. दोन दिव्यांपुरती माझी जागा; तिच्यात पंखा कोंबला, मग फ्रीजर, मग टीव्ही. तारांना पीळ द्यायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची, झालं काम. अर्थिंगची तार तर जोडलीच नाही. शेवटी माझा गंज डोळ्यांत खुपू लागला, तेव्हा वरून झाडाच्या सालीचं नक्षीदार कापड ठोकलं. दुखणं झाकलं की बरं होतं, अशी या माणसांची समजूत आहे.

आज दुपारी थोरल्यांची बैठक भरली. लेआसूंची पुतणी मासिना आवाचे, बैठकीत प्यायच्या मुळांच्या पेयाचे, वाडगे फिरवत होती. राजधानीत, आपियाच्या कॉलेजात वीजकाम शिकून आलेली पोर. लेआसूंचा तान्हा नातू त्यांच्या मांडीशी, खांबाला पाय लावून झोपलेला. मासिना तिथे येऊन थबकली.

"काका, खांबातून जळका वास येतोय."

"मागे नीरफणस भाजतायत."

"नीरफणसाला प्लास्टिकचा वास कधीपासून यायला लागला?"

"कॉलेजात नाक लांब करून देतात वाटतं," आत्या वाएपुले म्हणाली. सगळे हसले. मी वर तापत होते. हसा म्हटलं.

मासिनाने वाडगा खाली ठेवला. ताठ चालत गेली आणि मेन स्विच पाडला. पंखा थांबला. परत येऊन तिने बाळ उचललं, आत्याच्या ओटीत घातलं आणि लेआसूंच्या समोर उभी राहिली.

"बस खाली," लेआसू म्हणाले. "माझ्या बापाचा खांब आहे हा."

"खांब तुमचाच, काका. पण त्याला टेकलंय कोण, हे वीज बघत नाही."

"बस म्हणतो ना. बैठक संपल्यावर बघू."

"तुमच्या बैठका संपतात कधी?"

तिने कापड ओढलं. उलटी बाजू तळहाताएवढी करपली होती. मग स्क्रू काढून माझं झाकण उघडलं. आत वितळलेल्या पट्टीचा काळा गोळा.

आता ती मला कापून काढेल. काढू दे. माझ्या जागी पत्र्याची बहीण आणू नका, आणि जी आणाल तिच्यावर कापड ठोकू नका, एवढंच मागणं.

"मासिना," लेआसू हळू आवाजात म्हणाले, "आता तरी बस."

"नाही बसणार," ती म्हणाली आणि करपलेलं कापड त्यांच्या मांडीवर ठेवलं.