सवतीची पाठवणी

उपेंद्रने बॉनेट उचललं आणि गिऱ्हाईकाला एकेक दोष दाखवायला सुरुवात केली.

"थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. वळताना स्टिअरिंग जड लागतं. मागच्या सीटवर मोठं माणूस मावत नाही."

गॉलवेहून आलेला डेक्लन प्रत्येक दोषाला "ग्रँड", म्हणजे छानच, म्हणत होता. असल्या माणसाला परतवायचं तरी कसं, हे उपेंद्रला कळेना.

इथल्या, आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यातून सुटला की तो अकरा वर्षं या गॅरेजमध्येच घुसत आला होता. गाडी स्ट्रीट रॉड होती, घाट नव्वद वर्षांपूर्वीचा आणि इंजिन आजचं. पत्रा त्याने स्वतः ठोकलेला. सुरेखा तिला सवत म्हणायची. "मी काही सवतीच्या मांडीवर बसायची नाही," असं तिने बजावलं होतं आणि एकदाही ती त्याच्याबरोबर फेरी मारायला निघाली नाही. आता साताऱ्याहून उपेंद्रचे वडील कायमचे राहायला येणार होते. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून गॅरेजची खोली करायची ठरली. विक्रीची जाहिरात सुरेखानेच टाकली. उपेंद्रला सगळं पटत होतं, पण पटलं म्हणून जीव तुटायचा थोडाच राहतो.

"घेतो मी," डेक्लन म्हणाला.

किल्ली देताना उपेंद्रचा हात रेंगाळला. तेवढ्यात सुरेखा ताट घेऊन आली. तिने बॉनेटला हळदकुंकू लावलं, मग डाव्या उघड्या खिडकीतून आत वाकून सीटवर खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवले.

"हे जेवण आहे का?" डेक्लनने विचारलं.

"मुलगी सासरी निघाली की आम्ही तिची अशी ओटी भरतो," ती त्याला इंग्रजीत म्हणाली. "आणि पहिल्या दिवाळीला तिला घेऊन इकडे यायचं. जेवण तेव्हा."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला, पण या वेळी जरा जपून.

गाडी वळणाआड गेली. पाऊस भुरभुरू लागला.

"गेली एकदाची तुझी सवत," उपेंद्र म्हणाला. त्याला हसायचं होतं, जमलं नाही.

सुरेखा फाटकापाशीच उभी होती.

"त्याला सांगायचं राहिलं. डावी काच वर करताना अर्ध्यात अडकते. खालून तळहाताने दाब द्यावा लागतो."

हा दोष उपेंद्रच्या यादीत नव्हता. डावीकडे आजवर कुणी बसलंच नव्हतं, तर त्या काचेला हात कोण लावणार. तो तिच्याकडे वळला.

"तू शिफ्टला गेलास की बसायचे कधी कधी," ती म्हणाली आणि रिकामं ताट घेऊन आत गेली.