कोऱ्या पानाचे चाळीस सेकंद

भाचीने मामाच्या कादंबरीचं रेडिओसाठी नेमकं काय केलंय, असं विचारलं की केंद्रातले निम्मे लोक म्हणायचे, "भांडी आपटल्याचे आवाज." अगदीच खोटं नव्हतं ते. तीनशे पानांतली जेमतेम साठ वाक्यं तिने ठेवली होती. बाकी नुसती दारं, पाणी, पावलं आणि शिलाई मशीन. सहा महिने बाई त्यात आकंठ बुडालेली.

मामाने परवानगी दिली ती एकाच अटीवर. त्याची बहीण, म्हणजे हिची आई, गेली त्या जागी पुस्तकात एक कोरं पान होतं. "तिथे एक जरी आवाज घातलास, तर पुन्हा माझ्याशी बोलू नकोस." आणि मामा बोलेल ते करणारा, सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरला होता त्याने. आईमागे हिला हक्काचं असं तेवढंच एक माणूस उरलेलं. तिने तिथे चाळीस सेकंद काही म्हणता काही ठेवलं नाही.

दुपारी तीनला कार्यक्रम लागला. आपल्या खोलीत चहा घेत ती ऐकत बसली, आणि विसाव्या मिनिटाला तिला एकदम आठवलं. खाली प्रक्षेपणाच्या खोलीत एक यंत्र होतं. आठ सेकंद शांतता झाली की केंद्र बंद पडलं असं समजून ते आपणहून बासरी लावायचं. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. पण संकलनाच्या खोलीत असलं यंत्र नसतं, आणि सहा महिने तिथेच बसून हिची अक्कल गेली चरायला.

कोरं पान यायला दोन मिनिटं होती. खालचा फोन लागेना. चपला तिथेच टाकून ती दोन जिने धावत उतरली. दार ढकललं तेव्हा शांतता सुरू झाली होती. धापेने तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती भिंतीवरच्या सेकंदकाट्याकडे बघत राहिली. सात. आठ. नऊ. दहा. बासरी वाजलीच नाही.

"आधी बस," तंत्रज्ञ तात्या म्हणाले. "यंत्र मघाशीच बंद केलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कार्यक्रमाच्या कागदावर 'चाळीस सेकंद काही नाही' असं तूच लिहिलंस ना? यंत्राला वाचता येत नाही बाई, मला येतं. आणि फोन काढून ठेवलाय. सकाळपासून जो तो विचारतोय, आज काय लावणार म्हणून."

तिच्या जिवात जीव आला. ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

कार्यक्रम संपला तसा तिचा मोबाइल वाजला. मामा होता.

"ताई गेली तेव्हा मला एक ओळही सुचली नव्हती गं," तो म्हणाला. "म्हणून पान कोरं राहिलं. लोक म्हणाले, काय प्रयोग आहे. मीही हो म्हणत राहिलो. आज पहिल्यांदा ते पान कुणीतरी माझ्याबरोबर वाचलं."