कटिंग झालंय

शिंप्याच्या धंद्यात एक वाक्य सोन्याचं असतं : "कटिंग झालंय, फक्त शिवायचं राहिलंय." गिऱ्हाईक निवतं. कापड अजून गठ्ठ्यातच असतं. सव्वीस वर्षं मी हे वाक्य फेकत आलो, एकदाही जीभ अडखळली नाही.

दुसरा नियम बायकोचा. काज-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे. "ओरडेल त्याचं आधी घ्या, गप्प बसेल त्याचं तळाशी," असं ती हसत म्हणायची.

तिच्या काखेत गाठ आली. गल्लीतल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी दिली. 'पंधरा दिवसांत तपासणी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पहिल्या तारखेला तिथले डॉक्टर रजेवर. दुसऱ्या तारखेला मशीन बंद. दर वेळी पुढची तारीख महिन्याच्या पलीकडची. तिसऱ्या वेळी चार तास बाकावर बसवून खिडकीतली बाई म्हणाली, "फाइल आत गेलीय. फक्त डॉक्टरांनी बघायची राहिलीय. पुढच्या महिन्यात या."

मी चमकलो. माझंच वाक्य! चोराच्या वाटा चोराला ठाऊक. फाइल आतबित काही गेली नव्हती. तिची कड फाटली म्हणून बायकोनं लाल दोऱ्यानं टाके घातले होते. ते टाके मला बाईच्या कोपराजवळच्या ढिगात, अगदी तळाला दिसत होते.

शेजारचा एक माणूस खिडकीवर मुठी आपटत होता. "आई बसलीय माझी सकाळपासून! कोण साहेब आहे तो, बाहेर काढा!" दहा मिनिटांत त्याची फाइल खरोखर आत गेली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकोनं माझी बाही ओढली. "चला हो. बिचारीच्या मागं किती लोक लागलेत. आपण नाही का वेळ मारून नेत?"

"आपण कापडाबद्दल बोलतो."

"मग मी पण कापडच. जरा विटलेलं."

ती हसली. मीही हसलो. थापाड्यानं थापाड्याला चारचौघांत उघडं पाडू नये, एवढी धंद्याची लाज मी पाळली. तिच्या जिवावर पाळली.

डॉक्टर भेटले तेव्हा साडेचार महिने झाले होते. तपासण्या झाल्या, आणि आठवड्यानं त्यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"इथं पंधरा दिवस लिहिलंय. इतके दिवस काय करत होता तुम्ही?"

बायकोच बोलली, "आमच्याकडूनच उशीर झाला, डॉक्टर. दुकान असतं ना."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, रुग्ण उशिरा आली. उशिरा आली! तीन वेळा वेळेआधी येऊन बाकावर बसलेली बाई उशिरा आली. आता ऑपरेशनचा उपयोग नाही, म्हणाले. दुखणं कमी करू, तेवढंच हातात आहे. मी तो कागद फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. माझ्यासारख्यांच्या गप्प बसण्यावरच त्या खिडक्या चालतात.

बायको अजून दुकानात येते. सुई धरवत नाही, स्टुलावर नुसती बसते. परवा शाळेच्या बाई आल्या. त्यांचा राखाडी कोट दोन महिने पडून आहे आणि त्यांनी कधी आवाज चढवलेला नाही. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "कटिंग झालंय, बाई. फक्त शिवायचं..."

"नाही झालेलं," स्टुलावरून आवाज आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला गिऱ्हाइकासमोर खोटं पाडलं. "कापड तळाशी आहे. ओरडा त्यांच्यावर."

बाई गोंधळल्या. "अहो, असू दे. मला काही घाई नाही."

"ओरडा म्हणते ना!" बायकोचा श्वास पुरेना. तिनं स्टुलाची कड घट्ट धरली. "ओरडा हो, बाई. माझ्यासाठी तरी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि हळूच म्हणाल्या, "सावकाश द्या. चालेल मला."

मी ढीग उपसायला घेतला. बायकोनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.