बायकांचा तास

पाण्याला नाही दार, पाण्याला नाही कडी,
सोड गं काठ बाई, सोड मनाची अढी,
पाणीच होईल होडी, तुझ्यासाठी.

आवाज भरीव होता, जरासा घोगरा, शेवटच्या शब्दावर रेंगाळणारा. ताडपत्रीच्या आडून यायचा आणि पंपघराच्या भिंतीतून आत झिरपायचा. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. त्रिविक्रमरावांच्या कानात तो अजून ओला आहे. कमलाबाईंच्याही आहे. फरक एवढाच, की तो आवाज आपल्या बायकोचा असं त्रिविक्रमरावांना वाटतं, आणि तो आपला नव्हता हे कमलाबाईंना ठाऊक आहे.

शाल्मलीनं गाडी गावाच्या कमानीपाशी थांबवली. होसकोटे मागं राहिलं होतं, आणि पुढचा रस्ता पाइप टाकायला उकरून ठेवलेला.

"आजोबा, इथून तुम्हाला चालावं लागेल. मला अकराचा कॉल आहे. आमचे बेळ्ळंदूरचे ऑफिसवाले शनिवारीही सोडत नाहीत."

"तू बस गं. आम्ही स्वल्प फिरून येतो."

"स्वल्प नको, नीट या. आणि आजीचं गाणं रेकॉर्ड करून आणा. हा लाल ठिपका दाबायचा, बास." तिनं आपला जुना फोन आजोबांच्या खिशात घातला. "आजी, आज तुझं काही चालणार नाही हं."

कमलाबाई हसल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि चालू लागल्या.

पौषाचं ऊन कोवळं होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना नाचणीची कापलेली रानं आणि पलीकडे नीलगिरीची सरळसोट झाडं. त्रिविक्रमरावांच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. गुडघा दुखत असूनही ते पुढं पुढं जात होते, जत्रेला निघाल्यासारखे.

चार दिवसांपूर्वी जे. पी. नगरातल्या घरी नंदूचा फोन आला होता. नंदू म्हणजे कारखान्यातला त्यांचा जुना सोबती. कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, वसाहत पाडली, आणि आता वसाहतीचा पोहण्याचा तलावही पुढच्या आठवड्यात बुजवणार होते. फोन ठेवून त्रिविक्रमराव म्हणाले होते, "कमला, आता काय सबब सांगशील?"

सबब जुनी होती. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी "ते गाणं म्हण ना" म्हटलं, तेव्हा कमलाबाईंच्या तोंडून निघून गेलं होतं, "पाण्यातलं गाणं पाण्यातच म्हणायचं असतं. जमिनीवर म्हटलं तर पाणी रुसतं." त्यांनी ते खरं मानलं. मुलीच्या बारशाला, पाहुण्यांच्या बैठकीत, शाल्मलीला पाळण्यात घालताना ते कौतुकानं सगळ्यांना सांगत आले, "आमची कमला गाते, पण फक्त पाण्यात." लोक हसायचे. कमलाबाई चहा करायला आत जायच्या.

"जपून. खड्डा आहे," त्रिविक्रमराव म्हणाले.

"मला दिसतंय. तुम्ही तुमचा गुडघा बघा."

"गुडघ्याला आज सुट्टी दिलीय."

वसाहतीत दर गुरुवारी दुपारी तीन ते चार बायकांचा तास असे. तलावाभोवतीच्या कठड्याला हिरवी ताडपत्री बांधायची, पुरुषांनी तिकडं फिरकायचं नाही. काष्टा घातलेल्या पंधरावीस बायका पाण्यात उतरायच्या. शिकवणारं कुणी नव्हतं. राजलक्ष्मी अक्का, कमलाबाईंची थोरली बहीण, तीच सगळ्यांना काठ धरून पाय मारायला लावायची आणि ताल चुकू नये म्हणून ओव्या म्हणायची. जात्यावर हात फिरतो तसे पाण्यात पाय फिरायचे. पुरुषांपैकी एकट्या पंपवाल्याला तिथं थांबावं लागे, कारण पंप केव्हा बंद पडेल याचा नेम नसे. पण त्यानं पंपघरात भिंतीकडं तोंड करून बसायचं. पंचवीस वर्षांचे त्रिविक्रमराव तसे तीन वर्षं बसले. आवाज कोणत्या घरातला एवढंच त्यांनी कुणाकडून तरी काढलं, आणि मग एक दिवस, मान खाली घालून, अक्काच्या यजमानांना म्हणाले, "तुमच्या घरातल्या त्या गातात, त्यांचं कुठं ठरलंय का?"

रात्री जेवताना यजमानांनी हे सांगितलं, तेव्हा अक्काला हसता हसता ठसका लागला. "दोन पोरांच्या आईला मागणी आली म्हणायची." मग तिनं वाढत उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीकडं पाहिलं. आई गेल्यापासून कमला तिच्याचकडं राहत होती. अक्काचं हसू हळूहळू निवलं. "त्यांना सांगा, गाणारी माझी बहीण. अजून ठरलेलं नाही."

"अक्के, मला गाता कुठं येतं?"

"त्यांना पंप येतो ना? एका घरात एक कला पुरे. लग्न झालं की सांग. हसतील."

पण पहिल्याच रात्री ते म्हणाले, "मी तुला पाहिलं नव्हतं. आवाजावरून आणलं." मग सांगणार कसं? उद्या सांगू, परवा सांगू, असं करत पंचेचाळीस वर्षं गेली. अक्काचे यजमान आधीच गेले होते, यंदा दिवाळीत अक्काही गेली. आता हे ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं होतं.

तलावाच्या कठड्याला घाणेरी वेढून बसली होती. उथळ बाजूच्या कोरड्या निळ्या फरशीवर कुणीतरी नाचणी वाळत घातली होती. एक बाई अनवाणी पायांनी तिच्यात रेघा ओढत फिरत होती.

"अज्जी, काय बघायला आलात?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"आम्ही इथं पोहायचो," कमलाबाई म्हणाल्या.

"यात? यात तर आमची नाचणी पोहते." ती हसली आणि खराटा घ्यायला निघून गेली.

पंपघराचं छप्पर गेलं होतं, भिंत मात्र उभी होती. त्रिविक्रमराव तिच्यावरून हात फिरवत राहिले. मग सावकाश पायऱ्या उतरून तिसऱ्या पायरीवर बसले. कमलाबाई एक पायरी वर, त्यांच्या मागं.

"पाणी कुठाय?" कमलाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच बारीक वाटला.

"तू हे म्हणणार ठाऊक होतं." त्यांनी बाटली उघडली आणि पायरीवर ओतली. पाणी फरशीच्या सांध्यांतून वाट काढत नाचणीच्या कडेपर्यंत गेलं आणि थांबलं. "हे घे. घरच्या नळाचं, कावेरीचं आहे. आता रुसणार नाही."

त्यांनी खिशातून फोन काढला, लाल ठिपका दाबला आणि तो पायरीवर ठेवला. मग पुन्हा समोरच्या भिंतीकडं तोंड केलं. "मी पाठ करून बसतो. नियम म्हणजे नियम."

कमलाबाईंना त्यांची पाठ दिसत होती. सदरा मानेपाशी विरलेला, कानामागं दाढी करताना राहून गेलेले दोन पांढरे केस. या पाठीला त्यांनी तेल लावलं होतं, तापात शेक दिला होता, रागावून तिच्याकडं पाठ करून निजल्याही होत्या. तरी असं भय कधी वाटलं नव्हतं. गाण्यासाठी आणलेली बाई गाणारी नव्हती, तर ही पाठ मग कुणासाठी वळून बसली होती?

"घाई नाही," ते भिंतीशी बोलावं तसे म्हणाले. "एक गंमत सांगू? गाण्याबरोबर मला तुमचे पायही ऐकू यायचे. सगळे एका तालात. धप, धप. पण एकीचे पाय चुकार. तुझी ओवी पुढं जायची, सगळ्याजणी तुझ्याबरोबर जायच्या, आणि ती आपली मागून, धपक, एकटीच."

कमलाबाईंनी पाय पायरीवर आखडून घेतले.

"आधी मला हसू यायचं. मग मी त्या पायांची वाटच बघायला लागलो. गाणं तर येणारच, त्याची खात्री होती. ती बिचारी आज काठ सोडते की नाही, हीच काळजी. एका गुरुवारी ती आलीच नाही. सगळं तालात, अगदी सुरेख. आणि मला करमेना. तासभर नुसता पाना हातात धरून बसलो." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तुला कधी विचारलं नाही. म्हटलं, बायकोला दुसऱ्या बाईचं काय विचारायचं. कोण होती गं ती?"

त्या गुरुवारी कमलाबाईंना ताप होता. अक्कानं कांबळं पांघरून घरीच निजवलं होतं.

पायरीवरचं पाणी उन्हानं सुकत आलं होतं. कमलाबाईंचा हात बाजूच्या गंजक्या दांडीवर होता, घट्ट. त्यांनी तो सोडवून घेतला आणि समोरच्या पाठीवर ठेवला.

"अहो, वळू नका," त्या म्हणाल्या. "गाणारी अक्का होती, माझी राजलक्ष्मी अक्का. मला तेव्हाही गाता येत नव्हतं, आजही येत नाही. ते मागं पडणारे पाय माझे."