दोन मधुसूदन वाकळे

मधुसूदन वाकळ्यांनी आयुष्यात तीन पुस्तकं लिहिली: मोसंबीचे रोग, मधमाश्या आणि विहीर पुनर्भरण. कुणाचं डोकं फिरावं असं त्यांत एक वाक्य नव्हतं. तरी मंगळवारी भर दुपारी चौघं घरात शिरले आणि त्यांना खुर्चीवरून खाली ओढून लाथा घालायला लागले.

त्यांची बायको संध्या स्वयंपाकघरातून धावत आली, तर एकानं तिला भिंतीवर ढकललं. म्होरक्याच्या हातात खुलताबादकडच्या गायरानांवरचं पुस्तक होतं. ज्यांनी ह्या चौघांना पाठवलं त्या पुढारी अण्णांनी कुठल्या गावची किती जमीन गिळली, ते गट नंबरांसकट त्यात छापलेलं. लेखक, मधुसूदन वाकळे.

"ते ह्यांनी नाही लिहिलं. ते दुसरे वाकळे."

म्होरक्यानं शेवटचं पान तिच्या नाकासमोर धरलं. 'याच लेखकाची इतर पुस्तके', आणि खाली मोसंबी, मधमाश्या, विहीर. दोघांचाही प्रकाशक औरंगपुऱ्यातला एकच. त्या शहाण्यानं चौकशी न करता सगळी पुस्तकं एकाच्या नावावर टाकली होती. ती यादी पाहून दोन्ही वाकळे गेल्या महिन्यात पोट धरून हसले होते. आणि रोगट पानं घेऊन शेतकऱ्यांना येता यावं म्हणून मोसंबीच्या पुस्तकात घरचा पत्ता छापायची हौस ह्यांचीच.

लोखंडी गज गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज संध्यानं ऐकला. दोन वर्षांपूर्वी छाती उघडून शिवलेला माणूस होता तो. आणखी चार फटक्यांत संपला असता.

"लासूर स्टेशनला राहतो तो," ती म्हणाली. "बाजार समितीच्या मागं, निळं गेट." सांगताना तिला जराही लाज वाटली नाही.

गज थांबला. चौघं एकमेकांकडं बघायला लागले.

तेव्हा फरशीवरून मधुसूदन बोलले. तोंडात रक्त होतं, पण शब्द स्पष्ट होते. "मला वाचवायला थापा मारतीय ती. गायरानाचं मीच लिहिलं."

त्या क्षणी संध्याला नवऱ्याचा जेवढा राग आला, तेवढा मारणाऱ्यांचाही आला नाही.

"कोणत्या हातानं लिहिलं?" म्होरक्यानं विचारलं. उत्तराची वाट न बघता चौघांनी मधुसूदनांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला. गज तीनदा खाली आला. तिसऱ्या वेळी मधुसूदन ओरडलेही नाहीत.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात लासूरचे वाकळे आले. पिशवी छातीशी धरून दारातच उभे राहिले.

"मी तुमचा पत्ता दिला होता," संध्या म्हणाली. "ह्यांनी मला खोटं पाडलं."

"व्हय वहिनी." ते खाली बघत होते. "सोमवारी मला फोन आलता. गायरानाचं तूच लिव्हलं का म्हणून. लई भ्यालो. म्हणलं, मी नाय, ते मोसंबीवाले, शहरातले. पत्ता त्यांच्या पुस्तकात हाय."

संध्यानं त्यांच्या थोबाडीत मारली. ते हलले नाहीत, म्हणून आणखी एक मारली. आजूबाजूचे पेशंट उठून बसले.

"संध्या," खाटेवरून मधुसूदन म्हणाले. "त्यांना बसायला स्टूल दे."

संध्यानं स्टूल ओढलं आणि त्यावर स्वतः बसली.